चिडीमार बंदूक, पण निशाण डब्याचं : नेमबाजीच्या सरावाला घरचं भंगार कसं वापरायचं, काय टाळायचं

लोधीखेडा : महाराष्ट्रात तिला छर्ऱ्याची बंदूक म्हणतात. सीमा ओलांडून मध्य प्रदेशात आलं की हिंदीत तीच 'चिडीमार बंदूक' होते. ती कशासाठी घेतली जायची, हे नावातच आलं. आज पाखरावर छर्रा झाडणं बहुतेक वेळा थेट गुन्हा ठरतं. पण सौंसर, लोधीखेडा, पांढुर्ण्यापासून सावनेर, काटोल, नरखेडपर्यंत अनेक घरांत अशी बंदूक अजून माळ्यावर पडून असते. सुट्टीत पोरं ती खाली काढतात आणि पहिला प्रश्न येतो, नेम धरायचा कशावर?

उत्तर घरातच सापडतं. रिकामा डबा, बाटलीचं झाकण, कॅरमची फुटकी सोंगटी, खडूचा तुकडा, झाडाखाली गळून पडलेलं संत्र. अशा वस्तूंवर नेमबाजी शिकता येते, मजाही येते आणि खर्च जवळपास शून्य. मात्र कोणती वस्तू चालते, कोणती उलटते आणि निशाणाच्या मागे काय असायला हवं, हे ठाऊक नसेल तर हाच खेळ एखाद्याचा डोळा घेऊ शकतो. त्याचीच ही सविस्तर माहिती.

बोलकं निशाण म्हणजे काय?

कागदावरच्या वर्तुळात छर्रा लागला की बारीक भोक पडतं. १० मीटरवरून ते नीट दिसत नाही, जवळ जाऊन बघावं लागतं. डब्याला छर्रा लागला तर 'टण्' आवाज येतो, डबा हलतो किंवा पडतो. फुगा फुटतो, खडूचे दोन तुकडे होतात, पाण्याने भरलेल्या बाटलीतून धार लागते. लागलं की नाही, हे त्याच क्षणी कळतं. अशा वाजणाऱ्या, पडणाऱ्या, फुटणाऱ्या निशाणाला इथे सोयीसाठी 'बोलकं निशाण' म्हणू. रिकाम्या डब्यांवर नेम धरण्याच्या खेळाला इंग्रजीत प्लिंकिंग म्हणतात. तो शब्दही टिनाच्या आवाजावरूनच आला.

नवशिक्याला याचा मोठा फायदा होतो. चाप ओढला आणि लगेच उत्तर मिळालं, तर हात कसा होता, श्वास कुठे थांबला होता, हे डोक्यात ताजं असतं. दहा छर्रे झाडून नंतर कागद बघणाऱ्याला तिसरा छर्रा कसा सुटला ते आठवत नाही.

जिवंत पाखराऐवजी वस्तू

जिवंत प्राण्याच्या जागी वस्तू ठेवण्याची कल्पना जुनी आहे. महाभारतात द्रोणाचार्यांनी शिष्यांची परीक्षा घेतली ती झाडावरच्या भास पक्ष्यावर. अर्जुनाला पक्ष्याचं फक्त डोकं दिसत होतं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण तो पक्षी खरा नव्हता. आदिपर्वातल्या वर्णनाप्रमाणे तो कारागिरांकडून बनवून घेतलेला कृत्रिम पक्षी होता, हे फारसं सांगितलं जात नाही.

युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात पिंजऱ्यातली कबुतरं सोडून त्यांच्यावर गोळ्या झाडायच्या स्पर्धा होत. १८७०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅप्टन ॲडम बोगार्डस या नेमबाजाने कबुतराच्या जागी काचेचे पोकळ गोळे उडवण्याचा प्रकार लोकप्रिय केला. काही गोळ्यांत पिसंही भरलेली असत, फुटले की पाखरू लागल्यासारखी उडायची. पण काचांचे तुकडे मैदानभर पसरायचे. १८८०मध्ये सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची तबकडी आणली. तिचं नाव 'क्ले पिजन', म्हणजे मातीचं कबूतर. आजच्या तबकड्यांत माती नसते, डांबरासारखा चिकट पदार्थ आणि चुनखडीची भुकटी असते. पण नाव तेच राहिलं. ११० मिलिमीटर व्यासाच्या आणि १०५ ग्रॅम वजनाच्या अशा तबकड्या फोडूनच राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये डबल ट्रॅपचं रौप्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक रौप्य.

मेक्सिकोत जिवंत प्राण्यांवरच्या नेमबाजीतून पोलादी पत्र्याच्या आकृत्या पाडायची स्पर्धा निघाली. तिच्यात कोंबडा, रानडुक्कर, टर्की आणि मेंढा असे चार आकार अजूनही असतात. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १९७०च्या दशकात बोलिंगच्या लाकडी पिना टेबलावर मांडून त्या खाली पाडायच्या स्पर्धा सुरू झाल्या. खेळातलं जुनं सामान दुसऱ्या खेळाचं निशाण झालं, याचं हे ठळक उदाहरण. हिवाळी ऑलिम्पिकच्या बायथलॉनमध्ये ५० मीटरवर पाच गोल निशाणं असतात. आडवं पडून मारताना ती ४५ मिलिमीटरची, उभं राहून मारताना ११५ मिलिमीटरची. लागलं की काळ्याचं पांढरं होतं आणि लांबून प्रेक्षकांनाही कळतं.

घरातलं काय चालतं?

खालची सगळी माहिती ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे बाजारात .१७७ म्हणून मिळणाऱ्या एअरगनसाठी आणि शिशाच्या मऊ छर्ऱ्यांसाठी आहे.

कोल्ड्रिंकचा कॅन. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, छर्रा बहुधा आत शिरतो. सुतळीने टांगला की फिरतो, फळीवर ठेवला की पडतो. पाणी भरून ठेवलं तर धार दिसते. पुरेसा मोठा असल्याने नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

तेलाचा किंवा दूध पावडरचा डबा. पत्रा जाड असतो. आवाज छान येतो, पण कमी ताकदीच्या बंदुकीचा छर्रा त्यावरून उलटू शकतो. डबा घट्ट बसवू नये, मोकळा टांगावा. डबा हलला की छर्ऱ्याचा जोर त्यात जिरतो.

पाण्याच्या बाटलीचं झाकण. हे सरावाचं सगळ्यात उपयोगी निशाण. साध्या बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण साधारण ३० मिलिमीटरचं असतं. १० मीटर एअर रायफलच्या अधिकृत कागदी निशाणावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं असतं. म्हणजे १० मीटरवर टांगलेलं झाकण दिसायला जवळपास ऑलिम्पिकच्या काळ्या वर्तुळाएवढंच.

खडू. फळ्यावरचा साधा खडू साधारण एक सेंटिमीटर जाड. एअर पिस्तुलाच्या निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, त्याच्या जवळ जाणारा. चिकणमातीच्या गोळ्यात उभा रोवायचा. लागला की तुटतो. पण शिशाचे कण मिसळलेली त्याची भुकटी गोळा करून कचऱ्यातच टाकावी.

रिकामी काडेपेटी. हलकी असल्याने किंचित धक्क्यानेही पडते. जुन्या, स्प्रिंग ढिली झालेल्या बंदुकीसाठी चांगली. आत एकही काडी नको.

जुनी स्टीलची ताटली. हिचा आवाज शेतभर जातो. पातळ, सपाट ताटली घ्यावी. वरच्या काठाला दोन भोकं पाडून दोन सुतळ्यांनी टांगावी आणि तोंड थोडं जमिनीकडे झुकलेलं ठेवावं, म्हणजे चेपलेला छर्रा खाली पडतो. एकदा निशाण झालेली ताटली पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही. तिच्यावर शिसं लागलेलं असतं.

गळलेली संत्री. सौंसर-पांढुर्णा आणि पलीकडे काटोल-वरूड हा सगळा संत्र्याचा पट्टा. आंबिया असो की मृग, बहारात फळगळ होतेच आणि बांधावर सडक्या फळांचा ढीग पडतो. त्यातली फळं निशाण म्हणून उत्तम. रंग दुरून दिसतो आणि छर्रा लागला की रस उडतो. पण छर्रे बऱ्याचदा फळातच अडकतात. अशी फळं गायी-शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत, शेणखताच्या खड्ड्यातही टाकू नयेत. शिसं जनावरालाही विषारी आणि मातीलाही. हे सांभाळणं जमत नसेल तर संत्र्याच्या वाटेला जाऊच नये.

दिवाळीच्या जुन्या पणत्या. फुटायला छान, पण खापरीचे टोकदार तुकडे उडतात. लहान मुलं आसपास असताना नकोत.

खेळाच्या जुन्या सामानातलं काय?

कॅरमची सोंगटी नियमाप्रमाणे ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर व्यासाची असते. तीही पुन्हा त्याच ३०.५ मिलिमीटरच्या काळ्या वर्तुळाच्या मापाची. फुटक्या, चेपलेल्या सोंगट्या फळीवर एका रांगेत कडेवर उभ्या केल्या की पाच निशाणं तयार. सोंगटी हलकी असल्याने पडते, पण लाकूड टणक असतं. चष्मा हवाच.

टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटरचा. चिरलेला चेंडू दोऱ्याने टांगला की झोका घेतो आणि हलत्या निशाणाचा सराव होतो. बॅडमिंटनचं पिसं झडलेलं फूल बुचाकडून टांगलं तरी चालतं.

क्रिकेटचा सीझन बॉल, हॉकीचा किंवा गोल्फचा चेंडू मात्र नको. तो टणक आणि गोल असतो, छर्रा कुठल्या दिशेने उलटेल ते सांगता येत नाही. रबरी आणि टेनिसचा चेंडूही नकोच. कमी वेगाचा छर्रा रबरावरून सरळ मारणाऱ्याकडे परत येऊ शकतो. सायकलची घंटी, पितळी घंटा, तवा, पाइपचा तुकडा यांचंही तेच. पृष्ठभाग गोल असेल किंवा धातू जाड असेल तर बाजूला ठेवायचं.

हे मात्र कधीच नाही

काचेची बाटली, बल्ब, आरसा. तुकडे दूरवर जातात, मातीत वर्षानुवर्षं राहतात आणि अनवाणी पायात, जनावरांच्या खुरात रुततात. ट्यूबलाइटमध्ये तर पारा असतो.

डासांच्या स्प्रेचा, डिओचा, शेव्हिंग फोमचा डबा. रिकामा वाटला तरी आत दाब असतो आणि बऱ्याच डब्यांत पेट घेणारा वायू असतो. लायटर आणि छोटे गॅस सिलिंडरही याच यादीत.

मोबाइलची जुनी बॅटरी. छर्रा आत शिरला की लिथियम बॅटरी पेटते.

कीटकनाशकांचे रिकामे डबे. शेतकऱ्यांच्या घरी हे सहज पडलेले असतात, पण आतला अंश छिद्रातून बाहेर येतो.

दगड, भिंत, विजेचा खांब, बोअरवेलचा पाइप, तळ्याचं किंवा नदीचं पाणी. पाण्यावर तिरका लागलेला छर्रा चपट्या दगडासारखा उसळी मारून पुढे जातो. कन्हानच्या काठावर उभं राहून पाण्यात तरंगणाऱ्या बाटलीवर नेम धरला, तर समोरच्या काठावरचा माणूस धोक्यात येतो.

आणखी एक. शिशाच्या छर्ऱ्यांऐवजी पोलादी गोल गोळ्या वापरल्या तर कुठल्याही टणक निशाणावर नेम धरायचा नाही. पोलाद चेपत नाही, त्यामुळे जोरात परत फिरतं.

निशाणाच्या मागे काय आहे?

निशाण निवडण्याइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्वाचं आहे ते मागचं अडवण. प्रत्येक छर्रा निशाणाला लागत नाही. चुकलेला छर्रा हवेत तीनशे मीटरपुढेही जाऊ शकतो. म्हणून 'मागे रिकामं शेत आहे' हे पुरेसं नाही. शेतात निंदणाऱ्या बाया असतात, गुराखी असतो.

साधं, स्वस्त अडवण असं करता येतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत चाळलेली वाळू भरायची. वाळूत खडे नकोत, खड्यावरून छर्रा उलटतो. अशी पोती निशाणाच्या मागे एकमेकांवर रचायची, डोक्याच्या उंचीच्या वरपर्यंत आणि दोन्ही बाजूंना हातभर जास्त. घराच्या आवारात जागा कमी असेल तर जाड पुठ्ठ्याचं खोकं घेऊन त्यात जुनी वर्तमानपत्रं, चिंध्या किंवा गादीचा जुना कापूस गच्च कोंबायचा. खोक्याच्या मागे लाकडी फळी लावायची आणि पुढे जुना पडदा सैल टांगायचा. पडदा छर्ऱ्याचा वेग मारतो आणि उडालेले तुकडेही अडवतो. पुठ्ठा एकाच जागी झिजतो, म्हणून दर आठवड्याला खोकं उघडून बघावं.

दार, खिडकी, पायवाट किंवा शेजाऱ्याचं अंगण निशाणाच्या रेषेत नको. ज्या बाजूने माणूस अचानक येऊ शकतो, त्या बाजूकडे तोंड करून कधीही उभं राहायचं नाही.

मांडणी कशी करायची?

मोडक्या खाटेची किंवा खुर्चीची चौकट घ्यायची. आडव्या दांडीला हातभर लांबीच्या पाच सुतळ्या बांधायच्या आणि टोकाला पाच झाकणं. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोक पडतं. झाकणं जमिनीपासून साधारण १.४० मीटर उंचीवर ठेवावीत. १० मीटर स्पर्धेत निशाणाचा मध्य याच उंचीवर असतो. अंतर १० मीटर म्हणजे मोठ्या माणसाची साधारण १३ पावलं. टेपने एकदा मोजून तिथे चुन्याची रेघ मारून ठेवावी.

रेघेच्या पुढे कुणीही नाही, ही खात्री झाल्यावरच छर्रा भरायचा. निशाण पुन्हा लावायला जायचं असेल तर आधी बंदूक रिकामी करून खाली ठेवायची. हे काम एकाच मोठ्या माणसाच्या हुकमाने चालावं. चार पोरं आणि चार हुकूम असं झालं की घोळ होतो. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा प्रत्येकाला हवा, बघणाऱ्यांनाही.

दोन सवयी मोडायला हव्यात. छर्रे तोंडात धरायची सवय अनेकांना असते. शिसं पोटात जातं, लहान मुलांच्या मेंदूला ते जास्त बाधतं. छर्रे वाटीत ठेवावेत आणि खेळ संपल्यावर साबणाने हात धुवावेत. दुसरी सवय म्हणजे रिकाम्या बंदुकीचा चाप ओढणं. मोडून छर्रा भरायच्या स्प्रिंगवाल्या बंदुकीत छर्ऱ्याशिवाय चाप ओढला की आतली दट्ट्याची सील खराब होते आणि बंदूक कमजोर पडते.

डबा काय सांगत नाही?

डब्याची एक मर्यादा आहे. तो 'लागलं' किंवा 'नाही लागलं' एवढंच सांगतो. छर्रा डावीकडे गेला की वर, हे सांगत नाही. डब्याच्या मधोमध लागलेला आणि काठाला घासून गेलेला छर्रा, दोन्हींचा आवाज जवळजवळ सारखाच. फक्त डब्यांवर खेळणारा पोरगा काही दिवसांनी तिथेच अडकतो. डबा दहापैकी नऊ वेळा पाडतो, पण नेम बारीक होत नाही.

याला दोन उपाय आहेत. पहिला, निशाण हळूहळू लहान करत जायचं. डबा, मग काडेपेटी, मग झाकण, मग खडू. एका निशाणावर दहापैकी आठ लागले की पुढच्याकडे जायचं. दुसरा, टांगलेल्या झाकणाच्या मागे पडद्यावर वहीचा कोरा कागद लावायचा. झाकण चुकलं की छर्रा कागदावर खूण ठेवतो. दहा छर्ऱ्यांनंतर कागद काढून बघितला की सगळ्या खुणा उजवीकडे खाली आहेत की विखुरलेल्या, ते कळतं. एकाच जागी जमलेल्या असतील तर बंदुकीची माशी हललेली असते. विखुरलेल्या असतील तर हात हलतो. पहिल्याचा उपाय पेचकसाने होतो, दुसऱ्याचा फक्त सरावाने.

स्पर्धेचं निशाण किती बारीक असतं ते यावरून लक्षात येईल : १० मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचं वर्तुळ फक्त अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे जवळजवळ पेनाचा ठिपका. छर्रा मात्र ४.५ मिलिमीटरचा.

जत्रेतला फुग्यांचा स्टॉल

बहुतेकांनी आयुष्यातला पहिला छर्रा जत्रेतच झाडलेला असतो. फळीवर ओळीने फुगे लावलेले आणि समोर बाकावर दोन-तीन बंदुका. फुगा हेही बोलकंच निशाण. मोठा, रंगीत आणि लागला की सगळ्यांना ऐकू जाणारा.

स्टॉलवरची बंदूक दिवसभर शेकडो हातांतून जाते, पडते, आपटते. तिची माशी सरळ असेलच असं नाही. म्हणून पहिला छर्रा फुग्याच्या नेमक्या मध्यावर झाडावा आणि तो कुठे गेला ते बघावं. वीतभर डावीकडे गेला तर पुढचा नेम तेवढाच उजवीकडे धरावा. स्टॉल निवडताना फुग्यांच्या मागे काय आहे तेही बघावं. नुसता पातळ पडदा आणि पलीकडे रस्ता असेल तर तिथे खेळू नये. चेंडूने डबे पाडायच्या स्टॉलवर मनोऱ्याच्या खालच्या ओळीतले डबे बऱ्याचदा जड असतात. वरच्या डब्यावर मारून काही होत नाही, खालच्या ओळीच्या सांध्यावर मारावं लागतं.

बंदूक नसेल तर

नेमाला बंदूकच लागते असं नाही. बेचकी, गलोल, गुलेल, नाव काहीही असो, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि झाडाची दुबेळकी फांदी एवढ्यात काम होतं. दगडाऐवजी चिकणमातीच्या वाळवलेल्या गोळ्या वापराव्यात. त्या डब्यावर आपटून फुटतात, उलटत नाहीत आणि पावसात विरघळतात. मागे जुनी चादर सैल टांगली की गोळ्या तिथेच पडतात. ट्यूबची पट्टी तुटून तोंडावर येते, म्हणून चष्मा इथेही हवा. शेतात माळ्यावर बसून गोफणीने पाखरं हाकणाऱ्यांचा नेम असाच तयार व्हायचा. गोफण मात्र मोकळ्या शेतातच ठीक, वस्तीत नाही.

कायदा दोन्ही राज्यांत एकच

शस्त्र कायदा १९५९चा आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६चे. दोन्ही केंद्राचे, त्यामुळे सौंसर आणि सावनेरमध्ये नियम बदलत नाही. व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि नळीतून सुटताना ऊर्जा २० ज्यूलपर्यंत असेल तर अशी एअरगन बाळगायला परवाना लागत नाही. त्याहून मोठी, उदाहरणार्थ ५.५ मिलिमीटरची, असेल तर लागतो. २० ज्यूल म्हणजे किती? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण २८० मीटर वेगाने सुटला तर तेवढी ऊर्जा होते. परवाना लागत नाही म्हणजे ती खेळणं झाली, असं नाही.

बंदुकीचं बिल जपून ठेवावं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ती रिकामी आणि बंद पिशवीत असावी, बिलाची प्रत सोबत असावी. सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात जिल्हाधिकारी, म्हणजे मध्य प्रदेशातले कलेक्टर, भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली मनाई आदेश काढतात. पूर्वी हेच कलम १४४ होतं. हे आदेश जिल्ह्यापुरते असतात, म्हणून पांढुर्णा आणि नागपूर जिल्ह्यांत वेगळी परिस्थिती असू शकते. पांढुर्णा हा २०२३मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला जिल्हा आहे, त्यामुळे सौंसर-लोधीखेड्याच्या लोकांनी आदेश पांढुर्ण्याचा बघावा. निष्काळजीपणाने कुणाचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ लागू शकतं.

पाखरांचं काय? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यात अनुसूचीतल्या प्राण्या-पक्ष्यांची शिकार गुन्हा आहे आणि शिकारीचा प्रयत्नही शिकारीतच मोजला जातो. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, पोपटालाही संरक्षण आहे. 'लागलं नाही, नुसता नेम धरला' हा बचाव होत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाचं जंगल दोन्ही राज्यांत पसरलेलं आहे, तिथे परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणंच मना आहे. अरुणाचल प्रदेशात पाखरांची शिकार इतकी वाढली होती की २०२१मध्ये लोकांनी स्वतःहून एअरगन सरकारकडे जमा कराव्यात, अशी मोहीम तिथे सुरू करावी लागली.

डोळ्याला लागलं तर

डोळा चोळायचा नाही. पाण्याने धुवायचा नाही. अडकलेली वस्तू काढायचा प्रयत्न करायचा नाही. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी कप किंवा वाटी वरून झाकून हलकेच चिकटवावी आणि लगेच नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावं. बाहेरून जखम बारीक दिसली तरी वाट बघू नये. छर्रा हाता-पायात शिरला असेल तरी घरी काढू नये, एक्स-रे लागतो.

पुढे जायचं असेल तर

डब्यावर हात बसला आणि मुलाला खरंच गोडी लागली, तर पुढची वाट दोन्ही राज्यांत आहे. मध्य प्रदेशची राज्य नेमबाजी अकादमी भोपाळला आहे. तिथूनच खरगोन जिल्ह्यातल्या रतनपूर गावच्या शेतकरी कुटुंबातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर पुढे आला. महाराष्ट्रात पुण्याला बालेवाडीची मोठी रेंज आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक घेऊन आला. त्याआधी २९ सप्टेंबर २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात हे दोघे अखिल श्योराणसोबत खांद्याला खांदा लावून होते. एक मध्य प्रदेशच्या खेड्यातला, एक महाराष्ट्राच्या.

तिथवर सगळेच जाणार नाहीत. पण अंगणातल्या पाच झाकणांसमोर उभं राहताना जी शिस्त लागते, तीच मोठ्या रेंजवर कामाला येते. बंदुकीचं तोंड कायम निशाणाकडे, बोट वेळ येईपर्यंत चापाबाहेर, आणि मागे काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय छर्रा नाही.

खेळ संपल्यावर एक शेवटचं काम. सुरुवातीला वाटीत मोजून घेतलेले छर्रे, खोक्यातून आणि खाली पडलेल्यांतून निघालेले छर्रे, दोन्हींचा हिशेब जुळवावा. फार कमी सापडले तर काही छर्रे अडवणाच्या बाहेर गेले, असं समजावं आणि अडवण मोठं केल्याशिवाय पुन्हा बंदूक हातात घेऊ नये. गोळा केलेलं शिसं झाकणाच्या डब्यात साठवून ठेवावं आणि भंगारवाल्याला वेगळं द्यावं. फुटलेले डबे आणि झाकणंही त्याच फेरीत जातात.